कंप आणि हेतू

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना उभी मुंबई सावेदादा या नावाने ओळखत असे, त्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ साली केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या परांजप्यांच्या आगमनाचा प्रसंग फिल्मवर उतरविला, तेव्हा हलत्या कॅमेऱ्याची चिंता करण्याचे त्यांना बहुधा कारणच पडले नसावे. त्या काळचा कॅमेरा एका हाताने दांडा फिरवून चालवावयाचा असे, आणि दांडा फिरविणाऱ्या हाताने कॅमेरा पेलणे अशक्य असल्यामुळे तो भक्कम तिपाईवर बसविल्यावाचून गत्यंतर नसे. चलच्चित्राच्या प्रारंभीच्या पंचवीसएक वर्षांत चित्र कोठे हललेच, तर ते बहुधा यंत्राच्या दात्यांवरून फिल्म नीट न सरकल्यामुळे. माणसाच्या हाताची थरथर चित्रात शिरण्यास अद्याप फारशी वाट मिळाली नव्हती.

ती वाट कॅमेरा तिपाईवरून उतरून हातात आला तेव्हा मोकळी झाली. १९२३ साली घरगुती उपयोगाकरिता सोळा मिलिमीटरची फिल्म निघाली आणि तिच्यासोबत चावी भरून चालणारे छोटे कॅमेरे आले. १९३२ साली आठ मिलिमीटरची आणि १९६५ साली सुपर-आठची भर पडली. आपल्याकडे ही चैन संस्थानिक, कारखानदार आणि मोजके डॉक्टर-वकील यांच्यापुरतीच मर्यादित राहिली. सामान्य मराठी कुटुंबाच्या घरात स्वतःचे हलते चित्र आले ते व्हिडीओ कॅसेटच्या जमान्यात, आणि तेही प्रथम लग्नाच्या निमित्ताने: खांद्यावर दोन-तीन किलोंचा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्या मागे हॅलोजनचा प्रखर दिवा धरून उभा असलेला पोऱ्या हे दृश्य त्या काळी मांडवात वऱ्हाड्यांइतकेच अपरिहार्य होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या अवजड कॅमेऱ्यावर काढलेली लग्ने पुढच्या काळातील हॅंडीकॅमवर काढलेल्या बारशांपेक्षा पुष्कळच कमी हलतात. जड वस्तूला अचानक हालविणे कठीण असते, आणि खांदा, गाल व दोन्ही हात अशा तीन-चार ठिकाणी टेकलेला कॅमेरा हाताच्या बारीक थरथरीला दाद देत नाही. तळहातात मावणारा कॅमेरा ज्या सुलभतेने घरोघर पोहोचला, त्याच सुलभतेने तो हातात थरथरूही लागला.

प्रस्तुत प्रकरणात ज्या चित्रणाचा दाखला मी वारंवार देणार आहे, ते नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन या वसाहतीत राहणाऱ्या एका परिचित कुटुंबाच्या मालकीचे आहे. जगनाडे चौकाकडून कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बाजूस येताना या वसाहतीचे जे रूप दिसते, म्हणजे आखीव भूखंड, कमरेएवढ्या कुंपणभिंती, लोखंडी फाटके आणि गल्लीच्या कडेने एका रांगेत उभे असलेले विजेचे खांब, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण उपयुक्त आहे. त्याचे कारण पुढे येईलच. कॅसेटमध्ये तान्हा पोळा आहे, एका मुलीची मंगनी आहे, अंबाझरीच्या बागेतील सहल आहे, आणि शेवटी मारबतीच्या मिरवणुकीचा एक लांबलचक तुकडा आहे. चित्रण कुटुंबप्रमुखाने स्वतः केलेले आहे. त्याच्या हातात कौशल्य बेताचे आणि उत्साह अपार होता, हे पहिल्या मिनिटातच ध्यानात येते.

आता थरथर म्हणजे नेमके काय, हे पाहू. निरोगी माणसाचा हात कधीही पूर्णपणे स्थिर नसतो. स्नायूंच्या आकुंचनामुळे तो सेकंदाला साधारणपणे आठ ते बारा वेळा बारीकसा कापतच असतो. त्यात श्वासोच्छ्वासाचे मंद हेलकावे मिळतात, आणि चित्रण करणारा चालू लागला की दर सेकंदाला सुमारे दोन पावलांचे दणके त्यात भर घालतात. आपल्या देशातील व्हिडीओ पद्धतीत सेकंदाला पंचवीस चौकटी असतात. तेव्हा हाताच्या कंपाचे एक आवर्तन दोन-तीन चौकटींत आटोपते, तर पावलाच्या दणक्याचे आवर्तन बारा-तेरा चौकटी चालते. या दोन आकड्यांतील अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील साऱ्या उपचाराची मात्रा त्यावरच ठरावयाची आहे.

या कंपाला खरे उग्र स्वरूप देते ते झूम. समजा, भिंगाचा दृष्टिकोन आडव्या दिशेने ४५ अंशांचा आहे आणि चित्राची रुंदी ७२० बिंदूंची आहे. म्हणजे कॅमेरा एक अंश वळला तर चित्र १६ बिंदूंनी सरकेल. हाच दृष्टिकोन दहापट झूम करून पावणेपाच अंशांवर आणला, तर त्याच एका अंशाला चित्र सुमारे १५० बिंदूंची उडी घेते. हाताने काहीही अधिक केलेले नसते. तरीही मंगनीच्या प्रसंगी मांडवाच्या टोकाला उभे राहून मुलीच्या चेहऱ्यावर झूम केलेला तुकडा पाहताना डोळे शिणतात आणि जवळून, झूम न करता घेतलेला तुकडा सुखाने पाहवतो, यामागचे गणित इतके साधे आहे.

असे हलते चित्रण मागाहून स्थिर करणारे, म्हणजे स्थिरीकरणाचे, सॉफ्टवेअर या गोंधळात प्रथम मोजणी करते. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत चित्र किती आणि कोणत्या दिशेने सरकले हे कळण्यासाठी त्याला काही खुणा लागतात, आणि भूमापन खात्याचा मोजणीदार ज्याप्रमाणे शेताच्या मध्यभागी साखळी न टाकता हद्दीचे कोपऱ्यातले दगड शोधतो, त्याचप्रमाणे सॉफ्टवेअरही चित्रातील कोपरे शोधते. कोऱ्या भिंतीचा मधला भाग त्याला निरुपयोगी, कारण भिंत सरकली तरी तो भाग तसाच दिसतो. भिंतीची सरळ कडही अपुरी, कारण कडेच्या दिशेने सरकलेले कळत नाही, फक्त आडवे सरकलेले कळते. दोन कडा जेथे मिळतात तो कोपराच काय तो दोन्ही दिशांची निःसंदिग्ध साक्ष देतो. नंदनवनातील गल्लीत अशा साक्षीदारांची वाण नाही: खिडकीच्या गजांचे सांधे, फाटकाच्या सळ्या, दारावरच्या पाटीची अक्षरे, विजेच्या खांबावरील आडव्या पट्टीची टोके. म्हणूनच अंबाझरीच्या तलावावर, जेथे चौकटीत नुसते पाणी आणि आभाळ आहे, तेथे जे सॉफ्टवेअर अडखळते ते या गल्लीत मोठ्या विश्वासाने चालते.

अशा बिंदूंचा पाठपुरावा करण्याची जी रीत आजही बहुतेक ठिकाणी पायाभूत मानली जाते, ती ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी १९८१ साली मांडली. पाठपुराव्यास योग्य बिंदू कोणते याचा निकष शी आणि टोमासी यांनी १९९४ साली दिला. परंतु बिंदू सापडले म्हणजे मामला मिटला असे नाही. गल्लीतून एखादी सायकल जाते, दोरीवरचे लुगडे वाऱ्याने हलते, आणि त्यांच्यावरचे बिंदू भलतीच साक्ष देऊ लागतात. अशा वेळी फिश्लर व बोल्स यांनी १९८१ मध्येच सुचविलेली एक रीत उपयोगी पडते: सर्व बिंदूंतून यदृच्छेने थोडे बिंदू उचलावयाचे, त्यांच्यावरून कॅमेऱ्याच्या हालचालीचा एक तर्क बांधावयाचा, उरलेल्यांपैकी किती बिंदू त्या तर्काशी जुळतात ते पाहावयाचे, आणि हे पुनःपुन्हा करून ज्या तर्काला सर्वांत अधिक बिंदूंचा दुजोरा मिळेल तो ग्राह्य मानून बाकीच्यांची साक्ष बाद करावयाची. अर्थात या रीतीने मिळतो तो बहुमताचा कौल. आणि बहुमत नेहमी स्थिर वस्तूंचेच असेल याची हमी कोणी द्यावी? तान्ह्या पोळ्याच्या तुकड्यात जोपर्यंत लाकडी बैल ओढणारा मुलगा चौकटीच्या एका भागात आहे, तोपर्यंत भिंती आणि खांब यांचे बहुमत आहे. बाप कौतुकाने जवळ जातो, मुलगा आणि त्याचा झूल घातलेला बैल सबंध चौकट व्यापतात, आणि त्या क्षणापासून सॉफ्टवेअर मुलाला स्थिर धरून नंदनवनाच्या भिंतीच झुलवू लागते.

मोजणी पुरी झाली की प्रत्येक चौकटीचे आडवे सरकणे, उभे सरकणे आणि फिरणे यांची नोंद तयार होते, आणि या नोंदींची क्रमाने बेरीज करीत गेल्यास कॅमेऱ्याने हवेत आक्रमिलेला मार्ग वक्ररेषेच्या रूपाने हाती येतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात गेओर्ग मार्टियुस यांनी रचलेले आणि केडेनलाइव्हसारख्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये अंतर्भूत असलेले विड-स्टॅब, तसेच त्याच्याही आधी स्वीडनच्या गुन्नार थालीन यांनी व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेले डीशेकर, या दोहोंत हे काम दोन फेऱ्यांत चालते: पहिल्या फेरीत चित्राला हात न लावता केवळ हालचालींची नोंदवही तयार होते आणि दुसऱ्या फेरीत त्या नोंदवहीच्या आधारे चित्र हलविले जाते. ही दोन फेऱ्यांची व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. चित्रण करीत असताना कॅमेऱ्यातच जी स्थिरीकरणाची योजना काम करते, तिला पुढच्या क्षणी हात कोठे जाणार हे ठाऊक नसते. नंतर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र मागचे आणि पुढचे दोन्ही दिसत असते. हात डावीकडे वळला तो सहज डगमगून की फाटकातून येणाऱ्या पाहुण्यांना टिपण्यासाठी, याचा उलगडा वळण्याच्या क्षणी होत नाही. पुढच्या दोन सेकंदांत होतो.

सापडलेल्या खडबडीत मार्गाला गुळगुळीत करण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे सरासरी. विड-स्टॅबमध्ये गुळगुळीतपणाचा आकडा १० ठेवला, तर प्रत्येक चौकटीची जागा ठरविताना मागच्या दहा, पुढच्या दहा आणि ती स्वतः अशा एकवीस चौकटींचा विचार होतो. हाताच्या दोन-तीन चौकटींच्या कंपाला एवढी मात्रा पुरून उरते. पावलांचा दणका मात्र बारा-तेरा चौकटींचा असल्यामुळे एकवीस चौकटींत तो पुरता दोनदाही बसत नाही, आणि म्हणून चालत घेतलेल्या चित्रणात थोडे हेलकावे शिल्लक राहतात. आकडा १२ केला की खिडकी पंचवीस चौकटींची, म्हणजे नेमकी एका सेकंदाची होते, तीत दोन पावले पूर्णपणे सामावतात आणि हेलकावा एकदम मावळतो. आकडा ३० केल्यास खिडकी एकसष्ट चौकटींची होऊन जवळजवळ अडीच सेकंद व्यापते. मग पावले तर नाहीशी होतातच, पण त्यांच्याबरोबर चित्रण करणाऱ्याने मुद्दाम घेतलेली वळणेही सैल आणि उशिराची होऊन बसतात.

सरासरीचा हा दोष टाळणारी एक सुंदर कल्पना मॅथियस ग्रुंडमान, विवेक क्वात्रा आणि इर्फान एस्सा यांनी २०११ साली मांडली, व तिचा उपयोग पुढे यूट्यूबवर झाला. कसलेला छायाचित्रकार कॅमेरा कसा चालवितो? एक तर तो निश्चल ठेवतो, किंवा एकसारख्या वेगाने सरकवितो, आणि या दोहोंच्या मध्ये वेग हळूहळू वाढवितो वा उतरवितो. या तिघांनी हालणाऱ्या हाताचा मार्ग अशाच तीन प्रकारच्या खंडांतून नव्याने रचण्याची गणिती तजवीज केली. तीमुळे हौशी माणसाचा तुकडाही तिपाईवर आणि रुळांवर घेतल्यासारखा भासतो.

तथापि येथेच या विषयाचा खरा प्रश्न उभा राहतो. सॉफ्टवेअर किती आणि कसे हलले हे मोजू शकते. का हलले हे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. तान्ह्या पोळ्याच्या त्याच तुकड्यात एके ठिकाणी लाकडी बैलाचे चाक रस्त्यावरच्या खडीत अडकते, मुलगा तोंडघशी पडण्याच्या बेतात येतो, आणि बाप कॅमेरा चालू ठेवूनच पुढे धावतो. अर्धा सेकंद चित्रात डांबर, बापाची चप्पल आणि कुंपणाची तिरपी झालेली कड एवढेच दिसते. मापाच्या दृष्टीने हा कॅसेटमधील सर्वांत वाईट कंप आहे. कुटुंबाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण बाप त्या तुकड्यात अन्यत्र कोठेही दिसत नाही, आणि येथे मात्र त्याचे सारे वात्सल्य त्या एका झेपेत उमटले आहे. तो झटका गुळगुळीत करणे म्हणजे दस्तऐवजावरची सही खोडणे होय. माझे स्पष्ट मत असे आहे की, स्थिरीकरणाचा हुकूम सबंध कॅसेटवर एकाच वेळी कधीही सोडू नये. प्रथम तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकडा घरच्या माणसांसमवेत पाहावा, आणि कोठला कंप नको आहे व कोठला हवा आहे हे ज्याने ते प्रसंग जगलेले आहेत त्याला विचारावे.

दुसरा हिशेब कडांचा. चित्र स्थिर ठेवण्यासाठी प्रत्येक चौकट उलट दिशेने सरकवावी लागते, आणि ती सरकली की एका बाजूला काळी पट्टी उघडी पडते. ही पट्टी लपविण्यासाठी चित्र थोडे मोठे करून कडा बाहेर ढकलण्याचा रिवाज आहे. चारही बाजूंनी प्रत्येकी पाच टक्के कापले, तर ७२० बाय ५७६ बिंदूंच्या चित्राचे ६४८ बाय ५१८ उरते. ऐकावयास पाच टक्के, पण क्षेत्रफळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. दहा टक्के कापले तर ६४ टक्केच क्षेत्र शिल्लक राहते आणि उरलेले चित्र सव्वापट ताणावे लागते, त्यामुळे मुळातच पुसट असलेली कॅसेट आणखी पुसट होते. चित्रपटाच्या चित्रणात महत्त्वाची वस्तू मध्यभागी असते, तेव्हा ही कपात सोसते. घरगुती चित्रणाची गोष्ट वेगळी आहे, कारण कॅमेरा ज्याच्यावर रोखलेला असतो त्याची चित्रे पुष्कळ असतात, आणि जो कडेला चुकून सापडतो त्याचे बहुधा तेवढे एकच असते.

तान्ह्या पोळ्याला बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत दारोदार फिरणाऱ्या मुलांच्या तुकड्यावर सॉफ्टवेअर त्याच्या मूळच्या आकड्यांनिशी चालविले, आणि चित्र खरोखरच डोळ्यांना सुखावेल असे शांत झाले. ते पाहता पाहता घरातला नातू एकदम म्हणाला, "काकाजी, आजी तर कटून गेली ना!" मूळ चित्रणात डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत, पदराने हात पुसत उभी असलेली आजी चार-पाच सेकंद दिसते, स्थिर केलेल्या प्रतीत तिचा अर्धा खांदा आणि बांगड्या तेवढ्या उरल्या होत्या. यावर उपाय आहेत. एक म्हणजे गुळगुळीतपणाचा आकडा उतरविणे, कारण जितकी कमी सुधारणा तितकी कमी कपात. दुसरा, चित्र मोठे न करता काळ्या कडा तशाच राहू देणे. आणि तिसरा, रिकामी पडलेली कड मागच्या-पुढच्या चौकटींतील त्याच जागेच्या चित्राने भरून काढणे, ज्याची सोय डीशेकरमध्ये आहे आणि इतरही काही सॉफ्टवेअरमध्ये निराळ्या नावाने आढळते. स्थिर वस्तूंच्या बाबतीत हा भराव छान जमतो. माणूस हलत असेल तर कडेला त्याचा हात दोनदा दिसण्याचा संभव असतो. आजीच्या तुकड्यासाठी आम्ही काळी कड पत्करली.

जुन्या कॅसेटच्या काही अडचणी तर सर्वस्वी तिच्या स्वतःच्या आहेत, आणि नव्या फोनवर काम करणाऱ्यांना त्या ठाऊकही नसतात. पहिली अडचण चौकटीच्या रचनेची. त्या पद्धतीत एक चौकट दोन अर्ध्या चित्रांची मिळून बनते, एकात सम ओळी आणि दुसऱ्यात विषम ओळी, आणि दोहोंमध्ये एक पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. अशी चौकट तशीच एका ओळीने वर सरकविली की सम ओळींच्या जागी विषम ओळी येतात, काळाचा क्रम उलटा होतो, आणि स्थिर केलेले चित्र मूळच्यापेक्षा अधिक फडफडू लागते. तेव्हा प्रथम ही अर्धी चित्रे वेगळी करून सेकंदाला पन्नास पूर्ण चौकटी करून घ्याव्यात आणि मगच स्थिरीकरणाकडे वळावे. अर्थात गुळगुळीतपणाचा आकडाही त्या मानाने दुप्पट धरावा. दुसरी अडचण अशी की, या चित्रातील बिंदू चौरस नसतात. ही गोष्ट सॉफ्टवेअरला सांगितली नाही तर चित्र फिरवून सरळ करताना दाराची चौकट किंचित वाकडी होते.

तिसरी अडचण मला विशेष शिकविणारी वाटली. या कॅमेऱ्यांना तारीख-वेळ चित्रावरच छापण्याची हौस असे, आणि कोपऱ्यातील ते पांढरे आकडे कॅमेरा कितीही हलला तरी जागचे ढळत नसत. सॉफ्टवेअरच्या मोजणीत हे आकडे म्हणजे तीक्ष्ण कोपऱ्यांचा आदर्श पुंजका! ते साक्ष देतात की कॅमेरा मुळी हललाच नाही. पार्श्वभूमी धूसर असेल तर त्यांचे बहुमत होते, आणि स्थिरीकरण काहीच करीत नाही. बहुमत झाले नाही, म्हणजे काम यथास्थित पार पडले, तर गल्ली, भिंत, बैल सारे निश्चल होते आणि तारीख मात्र कोपऱ्यात थयथयाट करू लागते, कारण मूळचा सारा कंप आता तिच्या वाट्याला आलेला असतो. व्हीएचएस कॅसेटच्या तळाशी दिसणारी फाटकी, वळवळणारी पट्टीही अशीच दिशाभूल करते. दोन्ही जागा मोजणीतून वगळण्याची सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ते निवडावे, आणि तारीख जपावयाची असेल तर ती मूळ प्रतीत जपून स्थिर प्रतीत खाली नव्याने लिहावी.

यापुढे उपायांची हद्द संपते. एका चौकटीवर प्रकाश पडण्याच्या काळातच हात हलला असेल, तर ती चौकट मुळातच धूसर असते. सरकवून ती जागेवर आणता येते, स्पष्ट करता येत नाही. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडातील मंगनीचा तुकडा स्थिर केल्यावर चमत्कारिक दिसू लागला तो यामुळेच: चेहरा जागच्या जागी, पण अधूनमधून क्षणभर धूसर होऊन पुन्हा निवळणारा. कंप असताना डोळा ही धूसरता हालचालीच्या खाती टाकतो. हालचाल काढून घेतली की ती निराधार उघडी पडते. दुसरी मर्यादा खोलीची. चालत्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने जवळचा खांब झपाट्याने सरकतो आणि दूरचे पाण्याचे टाके जवळजवळ सरकतच नाही, तेव्हा सबंध चित्र एकाच मापाने हलवून दोघांचेही समाधान करणे शक्य नसते. २०११ साली फेंग लिउ, मायकेल ग्लायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्राच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे हलके ताण देऊन हा पेच सोडविण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचेच व्यावसायिक रूप अॅडोबीच्या वॉर्प स्टॅबिलायझरमध्ये सबस्पेस वॉर्प या नावाने येते. ती बहुतेकदा थक्क करते, पण तिच्यामुळे कधीकधी भिंती रबरी होऊन श्वास घेतल्यासारख्या फुगतात. तसे झाल्यास त्याच सॉफ्टवेअरमधील केवळ स्थान बदलणारी साधी पद्धत निवडावी.

मारबतीचा तुकडा या साऱ्या मर्यादा एकत्र दाखवितो. १८८० च्या दशकापासून नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. तिच्यासोबत बडग्यांचे पुतळे असतात, आणि जुन्या नागपूरच्या रस्त्यांवर मुंगीला वाट मिळू नये एवढी दाटी होते. या चित्रणात स्थिर असे काही नाही. पुतळा डोलतो, माणसे उसळतात, झेंडे फडकतात, आणि ज्या हाताने कॅमेरा डोक्यावर उंच धरलेला आहे त्याला मागून धक्के बसत आहेत. इमारतींचे वरचे मजले तेवढे अचल असून ते चौकटीच्या वरच्या चतुर्थांशात कधी येतात, कधी निसटतात. मोजणी फक्त त्या वरच्या भागापुरती मर्यादित केली असता अर्ध्या तुकड्यात बऱ्यापैकी काम झाले. उरलेल्या अर्ध्यात सॉफ्टवेअरने पिवळ्या मारबतीला स्थिर मानले आणि सारी गर्दी व घरे तिच्याभोवती हेलकावू लागली. तो भाग आम्ही मूळच्याच रूपात ठेवला, आणि गर्दीच्या त्या अनावर लोटात तो शोभूनही दिसतो.

जेथे चित्र हे पुरावा म्हणून पाहावयाचे असते, तेथे मात्र हिशेब निराळा मांडावा लागतो. जुलै १९९६ मध्ये अटलांटा येथे ऑलिंपिकच्या काळात उद्यानात बॉम्बस्फोट झाला. त्या रात्रीचे एक हातातील कॅमेऱ्याचे चित्रण अमेरिकन तपास यंत्रणेने नासाच्या मार्शल केंद्रातील डेव्हिड हॅथवे आणि पॉल मेयर यांच्याकडे सोपविले. त्यांपैकी पहिला सूर्याचा अभ्यासक आणि दुसरा हवामानाचा. दुर्बिणीतून आणि उपग्रहांवरून येणाऱ्या चित्रांची जुळणी करण्याचा त्यांचा सराव येथे कामी आला, आणि त्यातून चौकटी एकावर एक बसवून अंधारातले तपशील उजळविणारी नवी पद्धत निघाली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे एब्राहम झाप्रुडर या व्यापाऱ्याने आठ मिलिमीटरवर घेतलेले केनेडी यांच्या हत्येचे ४८६ चौकटींचे चित्रणही याच कारणासाठी पुढे पुनःपुन्हा स्थिर करण्यात आले. अशा चित्रणात कंप पूर्णपणे काढणे, कडा काळ्या राहू देणे आणि एकही बिंदू नव्याने न रचणे हाच न्याय आहे. घरगुती चित्रणाला हा न्याय जसाच्या तसा लावल्यास त्याचा जीव जातो, आणि उलट घरगुती चित्रणाची मोकळीक पुराव्याला दिल्यास पुरावा नासतो.

व्यवहारात ज्यांना हे काम हाती घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. केडेनलाइव्ह विनामूल्य आहे, डाविंची रिझॉल्व्हची एक आवृत्तीही विनामूल्य मिळते, आणि साध्या संगणकावरही दोहोंपैकी पहिले ठीक चालते. उभ्या राहून घेतलेल्या तुकड्यांना तिपाईची पद्धत द्यावी, म्हणजे एक चौकट प्रमाण मानून बाकीच्या तिच्याशी जुळविल्या जातात. पण तुकडा लहान असावा, कारण माणूस मिनिटभर एका दिशेला पाहत उभा राहत नाही. चालत घेतलेल्या तुकड्यांना एका सेकंदाची खिडकी पुरते. वॉर्प स्टॅबिलायझरमध्ये गुळगुळीतपणा मुळात पन्नास टक्क्यांवर असतो. घरगुती चित्रणाला मी तो दहा-पंधरा टक्क्यांवर आणतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतो. फोनवरील चित्रणात चित्र वरून खाली ओळीओळीने वाचले जात असल्यामुळे झटक्यात खांब तिरपे होतात, तेव्हा तो दोष दुरुस्त करण्याचा पर्याय आधी लावावा. ज्या कॅमेऱ्यांत चित्रासोबत आतल्या जायरोस्कोपची नोंद राहते, त्यांच्यासाठी जायरोफ्लो हे विनामूल्य सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे, कारण ते चित्रातील कोपऱ्यांना काही विचारीतच नाही. हात किती वळला हे थेट नोंदीतून घेते, आणि म्हणून मारबतीसारख्या गर्दीतही फसत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मूळ प्रतीची. मिनीडीव्ही कॅसेट संगणकावर उतरविली की तासाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागते, आणि जागा वाचविण्यासाठी पुष्कळजण स्थिर केलेली, दाबून लहान केलेली प्रत ठेवून मूळ फाइल काढून टाकतात. हे कदापि करू नये. स्थिर प्रतीत कडा गेलेल्या असतात, बिंदू ताणलेले असतात, आणि दहा वर्षांनी अधिक चांगली रीत निघाली तर तिला काम करण्यासाठी मूळचा कंपच लागेल, कारण मोजावयाचे तेच असते. नंदनवनातील त्या कुटुंबाने आता प्रत्येक तुकड्यासाठी एक फोल्डर केले आहे. त्यात उतरविलेली मूळ फाइल, पहिल्या फेरीतील हालचालींची नोंद, स्थिर केलेली प्रत, आणि कोणते आकडे वापरले व चित्रात कोण कोण आहे हे मराठीत लिहिलेला एक साधा मजकूर, एवढे असते. कॅसेटच्या डबीवर बापाने बॉलपेनने लिहिलेली यादी पुसट होत चालली होती, म्हणून तिचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवला आहे.